हॉजसनची बीअर व तिची बर्टन येथील नक्कल

इंग्लंड व अमेरिका या देशांत घरच्या घरीं बीअर तयार करणारे हौशी गृहस्थ पुष्कळ आहेत. बाजारांत मिळणारी एखादी आवडती बीअर आपल्या भांड्यांत जशीच्या तशी उतरविणें हा त्यांच्या हौसेचा मोठा भाग होय. इंग्लंडांत यासाठीं लागणारा परवाना १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेंत मध्यवर्ती सरकारचा अडथळा १९७९ सालीं दूर झाला. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळें परवान्यावांचून हा उद्योग करतां येत नाहीं, आणि आम्हांस त्या पेयाची रुचिही नाहीं. आमचा अधिकार कागदापुरताच. तथापि मूळ कसें ओळखावें, नक्कल कोणत्या अंशीं खरी मानावी, व नक्कल करणाराची साक्ष कितपत धरावी, हे जे प्रश्न पोथ्या जमविणारांस नित्य पडतात, तेच या हौशी मंडळीसही पडतात. त्यांच्या उद्योगांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हिंदुस्थानच्या व्यापाराशीं निगडित आहे, आणि तें कागदाच्या कसोटीस लावून पाहण्याजोगें आहे.

लंडनच्या पूर्वेस बो येथें जॉर्ज हॉजसन यानें १७५२ सालीं बिअरीचा कारखाना घातला. ब्लॅकवॉल येथें कंपनीचीं जहाजें लागत, तेथून ही जागा जवळ. जहाजांवरील कप्तान व अधिकारी यांस खासगी व्यापाराची मुभा असे, व हॉजसनचें घराणें त्यांस लांब मुदतीच्या उधारीवर माल देई. यामुळें १८ व्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानांतील गोऱ्या लोकांत या बिअरीचें नांव झालें. १८२२ च्या जानेवारींत ‘कलकत्ता गॅझेट’ पत्रांत आलेल्या जाहिरातींत ती फिक्या रंगाची व ऑक्टोबर महिन्यांत केलेली अशी सांगितली आहे. ऑक्टोबरची बीअर म्हणजे दीर्घकाळ ठेवण्यासाठीं मुद्दाम केलेली कडक बीअर; इंग्लंडांतील जमीनदारांच्या तळघरांत ती दीर्घकाळ मुरत पडे. हॉजसननें हिंदुस्थानासाठीं एक नवेंच पेय शोधून काढलें अशी जी समजूत आहे, तीस समकालीन कागदांत आधार नाहीं. उष्ण देशीं पाठवावयाच्या बिअरींत हॉपचीं कडू फुलें अधिक घालावींत हा उपदेश त्यापूर्वींच रूढ होता. पुढें १८२१ च्या सुमारास या घराण्यानें उधारी आंखडली, भाव चढविले, आणि व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतला.

आतां प्रसिद्ध कथा. स्टॅफर्डशायरांतील बर्टन गांवचे बिअरवाले आपली गोडसर, जड बीअर रशियास पाठवीत. १८२२ च्या नव्या जकातीनें तो व्यापार बसला. कंपनीच्या संचालकांपैकीं कँबेल मार्जोरिबँक्स यानें बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉप यास हिंदुस्थानच्या बाजाराकडे वळण्याची सूचना केली व हॉजसनच्या बिअरीची बाटली त्याच्या पुढें केली. ऑलसॉपनें ती जोब गुडहेड नामक आपल्या मॉल्टकरास दाखविली. (मोड आणून भट्टींत वाळविलेले जव म्हणजे मॉल्ट.) गुडहेडनें मॉल्ट फिका ठेवून, एका चहादाणींत त्या बिअरीचा नमुना करून दाखविला. पुढच्याच वर्षीं ऑलसॉपचा माल कलकत्त्यास रवाना झाला.

ही हकीकत ज्या ग्रंथांतून सर्वत्र पसरली, तो डॉ. बुशनन यांचा बर्टनच्या कडू बिअरीवरील ग्रंथ १८५३ सालचा, म्हणजे घडल्या गोष्टीनंतर एकतीस वर्षांचा आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं पॅरिसच्या पायेन या रसायनज्ञाच्या बोलण्यावरून इंग्रजी कडू बिअरींत कुचल्याचें विष घालतात अशी आवई उठली होती. ऑलसॉपनें ग्रॅहॅम व हॉफमन या रसायनज्ञांकडून परीक्षा करविली, लीबिगचें अनुकूल मत मिळविलें, आणि तें सर्व जाहीर केलें. अशा धामधुमीच्या मागोमाग निघालेला, बर्टनची थोरवी सांगणारा हा ग्रंथ. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही बखर आहे, अस्सल कागद नव्हे. बखरींतील सर्वच खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. रशियाची जकात व ऑलसॉपचा हिंदुस्थानांतील व्यापार या गोष्टी बखरीवांचूनही सिद्ध आहेत. शंका चहादाणीविषयीं आहे. चहादाणींत मॉल्ट भिजवून त्याचा रस काढतां येईल, रंग व गोडी ताडून पाहतां येईल, फार तर हॉपचा कडूपणा अजमावतां येईल. परंतु तो रस आंबून, पिंपांत महिनोगणती मुरून जें होतें, तें त्या भांड्यांत दिसणें शक्य नाहीं. तेव्हां कथा अक्षरशः खरी धरली तरी गुडहेडनें नक्कल केली ती बिअरीची नव्हे, बिअरीच्या रंगाची व रसाची.

येथें कोणी पुसेल कीं बाटलीवरून मूळ कळतें तरी किती? बरेंच कळतें. न्यायशास्त्रांत कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानास शेषवत् म्हणतात. नदीचा पूर पाहून वरच्या अंगास पाऊस झाल्याचें जाणणें हें त्याचें भाष्यांतील उदाहरण. बाटलीची परीक्षा ही याच जातीची. प्रागचा रसायनज्ञ बॉलिंग यानें १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत असें बसविलें कीं १ ग्रॅम मद्यार्क उत्पन्न होण्यास मूळ रसांतील सुमारें २.०६६५ ग्रॅम अर्क खर्ची पडतो. त्यांतून ०.९५६५ ग्रॅम वायुरूपानें जातो, व उरलेला यीस्टच्या वाढीस लागतो. समजा, बाटलींतील बिअरींत वजनानें शेंकडा ५ मद्यार्क व शेंकडा ५ न आंबलेला अर्क निघाला. तर ५ ला २.०६६५ नें गुणून त्यांत ५ मिळवावे, १५.३३ येतात. हे १५.३३ भाग मूळ रसाच्या १०५.३३ भागांतील होत, कारण वायु व यीस्ट निघून जाऊन त्यांचे १०० भाग राहिले. म्हणून मूळ रसांत अर्क शेंकडा सुमारें साडेचौदा होता. रंग डोळ्यांस दिसतो, कडूपणा आज प्रयोगशाळेंत मोजतां येतो, आणि बाटलीच्या तळाशीं जिवंत गाळ असल्यास त्यांतून यीस्टही वाढवितां येतें. मात्र पुष्कळ कारखाने बाटलींत निराळें यीस्ट घालतात, हें हौशी लोक कधीं कधीं विसरतात.

पण नदीच्या पुरावरून पाऊस कळला तरी तो कोणत्या मेघाचा हें कळत नाहीं. हॉपचा सुगंध काळानें उडतो व कडूपणाही उतरतो. बाटलींत जें मोजलें तें कारखान्यांत घातलेलें नव्हे. शिवाय हॉजसनच्या बाबतींत मूळ म्हणजे कोणतें? बो येथें पिंपांत भरलेली बीअर, कीं केपला वळसा घालून, दोनदां विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिन्यांनीं कलकत्त्यास उतरलेली? गिऱ्हाईकास आवडली ती दुसरी. १९०४ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील क्लाउसेन यानें दाखविलें कीं मुरत पडलेल्या इंग्रजी बिअरीची विशिष्ट चव मुख्य यीस्टची नसून मागाहून सावकाश वाढणाऱ्या एका निराळ्या यीस्टची असते; त्यास त्यानें ब्रेटॅनोमायसेस हें नांव दिलें. १८२२ सालीं यीस्ट सजीव आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें. सारांश, ज्या लेखकुनें पोथीस शेवटचा हात लाविला तो पिंपाच्या लांकडांत दडून बसला होता, आणि त्याचें नांव ऐंशी वर्षें कोणास कळलें नाहीं.

उलट दिशेनें जाणारा मार्ग कारखान्याच्या वह्यांचा. बार्क्ले पर्किन्स व व्हिटब्रेड या लंडनच्या मोठ्या कारखान्यांच्या दैनंदिन वह्या तेथील शहराच्या अभिलेखागारांत आहेत. डर्डन पार्क मंडळ या हौशी मंडळानें १९७० नंतर जुन्या नोंदींवरून लुप्त बिअरी पुन्हा करून पाहण्याचें काम हातीं घेतलें, व १९७६ सालीं त्याचें पुस्तक काढलें. या वह्या म्हणजे खरे अस्सल कागद. पण ते वाचणें मोडी वाचण्याइतकेंच सरावाचें काम आहे. रसाचें गुरुत्व तेथें ‘पिंपामागें इतके पौंड’ असें लिहिलेलें असतें. ३६ गॅलनच्या पिंपांतील निव्वळ पाणी ३६० पौंड भरतें. रस त्याहून २५ पौंड जड भरला तर वहींत नुसते २५ लिहितात. आजच्या घनतामापकाच्या भाषेंत ३८५ भागिले ३६०, म्हणजे १.०६९. मॉल्टचें क्वार्टर हें माप मूळचें आठ बुशेलांचें, अर्थात् आकारमानाचें. पुढें तें ३३६ पौंड वजनाचें ठरलें. आपल्याकडे खंडी गांवोगांव बदलते हें ज्यास ठाऊक आहे, त्यास यांतील धोका सांगावयास नको. आणि मापें जुळलीं तरी जवांची जात कोठून आणावी? १९ व्या शतकांत इंग्लंडभर पसरलेली शेव्हॅलियर जात पुढें शेतांतून नाहींशी झाली होती. नॉरिच येथील जॉन इन्स केंद्रानें २०१० नंतर संग्रहींच्या मूठभर बियांवरून ती पुन्हा वाढविली.

नांवांचा घोटाळा तर सर्वत्रच. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत कुटुंबी गृहस्थांस कार्यप्रसंगीं श्वेतसुरा घरीं करण्याची मोकळीक दिली आहे, व मेदक नामक पेयाची कृतिही सांगितली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. द्रोणाचे प्रस्थ सोळा व अर्ध्या आढकाचे दोन, तेव्हां तांदळाहून किण्व दीडपट झालें. किण्व म्हणजे निव्वळ यीस्ट असें जे भाषांतर करितात, त्यांस हें प्रमाण विचित्र वाटावें. परंतु त्याच अध्यायांत किण्व उडदाच्या लगद्यांत तांदूळ व औषधी घालून करण्याचें सांगितलें आहे. म्हणजे तें स्वतःच धान्य होय, आणि हिशेब बसतो.

बर्टनकडे परत वळूं. तेथील विहिरींचें पाणी जिप्समच्या थरांतून येतें. जिप्सम म्हणजे आपल्या वैद्यांची गोदंती. या पाण्यानें फिक्या मॉल्टची बीअर स्वच्छ उतरते व हॉपचा कडूपणा कोरडा, तीक्ष्ण लागतो. लंडनचें पाणी खडूच्या थरांचें, काळ्या पोर्टरास मानवणारें. गुडहेडनें हॉजसनचा रंग कितीही साधला असला तरी हॉजसनचें पाणी त्याच्यापाशीं नव्हतें. ऑलसॉपची बीअर म्हणून नक्कल झाली नाहीं. ती निराळी झाली, आणि बाजारानें हीच पसंत केली. मागोमाग बर्टनचाच बॅस आला, व हॉजसनचें नांव मागें पडलें. पुढें बॅसच्या इतक्या नकला झाल्या कीं नोंदणीचा कायदा होतांच १ जानेवारी १८७६ रोजीं त्याचा तांबडा त्रिकोण इंग्लंडांतील पहिली व्यापारमुद्रा म्हणून नोंदला गेला. आज हिंदुस्थानी बिअरीची नक्कल करणारा हौशी मनुष्य आपल्या नळाच्या पाण्यांत जिप्सम मिसळतो, व या क्रियेस बर्टनचेंच नांव आहे. तो हॉजसनच्या मुळाकडे जात नाहीं, नकलेची नक्कल करितो. महाभारताच्या नीलकंठी पाठासच मूळ मानणारे जसे पूर्वीं पुष्कळ होते, तसेंच हें. भांडारकर संस्थेच्या मंडळीनें १९१९ ते १९६६ पर्यंत निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ताडून तो भ्रम दूर केला. बिअरीच्या बाबतींत मात्र हॉजसनच्या बाजूची पोथी आपल्यापुढें नाहीं, जाहिराती व भावाच्या याद्या तेवढ्या आहेत.

म्हणूनच एक विनंती. पुणें व खडकी येथें इंग्रजांच्या छावण्या १८१७ नंतर वसल्या. कोणाच्या संग्रहीं त्या काळच्या पेढीचीं बिलें, लिलावाच्या याद्या अथवा छावणीस माल पुरविणाऱ्या दुकानदाराच्या वह्या असतील, तर बिअरीच्या नोंदींत कारखान्याचें नांव, जहाज उतरल्याची तिथि, पिंपें कीं बाटल्या, आणि भाव, एवढें टिपून ठेवावें. १८२० ते १८३५ या दरम्यानच्या नोंदी विशेष हव्या आहेत.