पुरुषाच्या ऑपरेशनला शिकलेला हात हवा

दिवाळी झाली की खामगावच्या परिसरात दोन हंगाम बरोबरच सुरू होतात. एक कापूस वेचणीचा आणि दुसरा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचा. थंडीत जखम लवकर भरते असा समज आहे, त्यामुळे बायकांची ऑपरेशने हिवाळ्यावर ठेवली जातात. नेमक्या त्याच दिवसांत शेतात वेचणीला हात कमी पडतात. वेचणीचे बहुतेक काम बायकांचेच. पोटाला टाके पडलेली बाई काही दिवस ओझे उचलू शकत नाही, तिची मजुरी बुडते, आणि घरातले पाणी, सरपण, लेकरू काही थांबत नाही. एवढे असूनही ऑपरेशन कोणी करायचे, याचे उत्तर बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते.

ते किती पक्के ठरलेले आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसते. महाराष्ट्रात प्रजननक्षम वयातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.४ टक्के. सव्वाशेच्या आसपास बायकांमागे एक पुरुष, असा हा हिशेब. देशाचे आकडेही याच चालीचे आहेत: स्त्रिया ३७.९ टक्के, पुरुष ०.३ टक्के.

यावर ठरावीक उत्तर मिळते, ‘पुरुष तयारच होत नाहीत.’ हे अर्धे खरे आहे. पुरुष तयार झालाच, तर त्याचे ऑपरेशन सफाईने करणारा डॉक्टर त्याच्या तालुक्यात आहे का, हा उरलेला अर्धा प्रश्न. त्याची चर्चा फारशी होत नाही. हा लेख त्या अर्ध्या प्रश्नाचा आहे.

महाराष्ट्र या कामात पुढे होता

संततिनियमनाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक अखेरपर्यंत चालवले. शकुंतलाबाई परांजपे यांनी १९३८ पासून पुण्यात हेच काम केले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जगात असा तो पहिलाच.

पुरुष नसबंदीतही मुंबई आघाडीवर होती. १९६७ मध्ये डॉ. दत्ता पै यांच्या पुढाकाराने रेल्वे स्थानकांवर नसबंदी केंद्रे सुरू झाली. रोज गाडीने येणाऱ्याजाणाऱ्या माणसाला वाटेतच सेवा मिळावी, ही कल्पना. त्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी कापलेली वीर्यवाहिनी पुन्हा जोडण्याच्या ७६ शस्त्रक्रियांचा अनुभव एका अमेरिकन नियतकालिकात मांडला. त्यातल्या ८३ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू पुन्हा दिसले होते. हे काम पुढे जगभर उद्धृत होत राहिले.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७६ च्या जानेवारीत बाजारहाटाला आलेल्या माणसांना धरून नेऊन ऑपरेशन केल्याचे प्रकार उघडकीस आले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुढच्याच वर्षी, १९७७-७८ मध्ये, देशातल्या पुरुष नसबंदीचा आकडा १ लाख ८८ हजारांवर कोसळला. सक्तीने माणसांचा विश्वास गेला. त्यानंतर सरकारी यंत्रणेने पुरुषाकडे जायचेच जवळजवळ सोडले आणि सगळा भार बाईवर टाकला. डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्यांना हे ऑपरेशन करायची संधीच कमी मिळत गेली, ती त्यामुळे.

हात काय शिकतो

आजचे पुरुषाचे ऑपरेशन आणीबाणीतले राहिलेले नाही. १९७४ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात डॉ. ली शुनच्यांग यांनी सुरी न वापरता नसबंदी करण्याची पद्धत बसवली. १९८७ मध्ये थायलंडच्या राजाच्या वाढदिवशी बँकॉकमध्ये एका दिवसात १,२०३ शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पडताळता आल्या. जुन्या पद्धतीत गुंतागुंतीचे प्रमाण ३.१ टक्के निघाले, नव्या पद्धतीत ०.४ टक्के. भारतात दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. आर. सी. एम. काझा यांनी ही पद्धत रुजवली आणि डॉक्टरांना शिकवली. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने तिचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला.

हत्यारे दोनच लागतात. एक टोकाला कडी असलेला चिमटा, दुसरा वाकड्या, अणकुचीदार टोकांचा. खरे काम मात्र डाव्या हाताच्या तीन बोटांचे. डॉक्टर माणसाच्या उजव्या बाजूला उभा राहतो. मधले बोट वृषणकोशाच्या मागून, अंगठा आणि तर्जनी पुढून. या पकडीत वीर्यवाहिनी चाचपायची. आजूबाजूच्या मऊ रक्तवाहिन्यांत ती सुतळीसारखी घट्ट लागते. ती हळूहळू सरकवत मधल्या रेषेवर, अगदी कातडीखाली आणायची. मग बधिरतेचे इंजेक्शन. आधी कातडीत एक छोटा फुगवटा, नंतर वीर्यवाहिनीच्या कडेने वर. औषधाचा अंमल होईपर्यंत थांबायचे. घाईत हे थांबणे राहिले, की माणसाला दुखते आणि त्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते.

पुढे कडीच्या चिमट्याने वीर्यवाहिनी कातडीसकट धरायची, अणकुचीदार टोकाने एकच छिद्र पाडायचे, ते किंचित रुंद करायचे आणि मनगट फिरवून वीर्यवाहिनी बाहेर उचलायची. वरचे आवरण सोडवून दोन ठिकाणी गाठ मारायची, मधला सुमारे एक सेंटीमीटर तुकडा कापायचा आणि एका टोकावर आवरणाचा पडदा ओढून बांधायचा. हा पडदा वरवर किरकोळ वाटतो. पण सात देशांत ८४१ पुरुषांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले, की पडद्यामुळे ऑपरेशन फसण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. दुसऱ्या बाजूची वीर्यवाहिनीही त्याच छिद्रातून काढतात. टाका लागत नाही. सरावलेल्या हाताला दहापंधरा मिनिटे पुरतात आणि माणूस थोड्या वेळाने चालत घरी जातो.

ही पकड पुस्तकातून येत नाही आणि चित्रफीत पाहूनही येत नाही. आधी प्रतिकृतीवर, मग जाणत्या डॉक्टरला मदत करत, मग तो शेजारी उभा असताना स्वतः, अशाच क्रमाने ती बोटांत उतरते. सरकारी नियमानुसार हे ऑपरेशन प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टरला करता येते, सर्जनच असावा लागत नाही. प्रशिक्षण पाच दिवसांचे असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरलाही ते सहज जमण्यासारखे आहे.

अडचण त्यापुढची. प्रमाणपत्र घेऊन डॉक्टर परततो आणि वर्षभरात ऑपरेशनाला पुरेसे पुरुष येत नाहीत. हात विसरतो, आत्मविश्वास जातो. पुढचा माणूस आला की त्याला जिल्ह्याच्या गावी पाठवले जाते. तो एक मजुरी बुडवून निघतो, किंवा निघतच नाही, आणि बायकोचे नाव शिबिराच्या यादीत चढते. मग नोंद होते, ‘पुरुष तयार नाहीत.’

खामगावला काय करता येईल

बुलढाणा जिल्ह्यात माणसे घाटावरचा आणि घाटाखालचा असा भेद करतात. जिल्ह्याचे गाव घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत. १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तेव्हापासून कापसासाठी या मुलखाची पावले खामगावकडे वळली. बाजार, वकील, दवाखाना यांसाठी ती अजूनही वळतात. येथे सामान्य रुग्णालय आहे. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे आणि २०२४ मध्ये बुलढाण्यातही महाविद्यालय सुरू झाले. घाटाखालच्या तालुक्यांतील डॉक्टरांना हाताने शिकवण्याचे केंद्र खामगावला चालवता येईल, एवढी सोय हाताशी आहे.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. पहिली, महिन्यातला एक ठरलेला वार. त्या दिवशी परिसरातले प्रशिक्षित डॉक्टर एकत्र येऊन ऑपरेशने करतील, म्हणजे कोणाचाच हात विसरणार नाही. दुसरी, संवादाचे प्रशिक्षण. आशाताई घरातल्या बाईशी बोलते, पण पुरुषाशी बोलायचे कोणी? आरोग्यसेवकाने आणि खुद्द डॉक्टरने. सांगायचे ते असे: पुरुषत्व कमी होत नाही, कारण वृषणातले संप्रेरक रक्तातून जाते, वीर्यवाहिनीतून नाही. दोन दिवस जड काम टाळायचे. आणि ऑपरेशन झाले म्हणजे लगेच मोकळीक नव्हे. तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्य तपासून घ्यायचे. हे शेवटचे वाक्य सांगायचे राहिले, तर पुढे घरात विनाकारण संशयाचे विष कालवले जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उद्दिष्ट नको. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली गेली आणि तेरा बायका दगावल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. जे बायकांच्या वाट्याला आले ते पुरुषांच्या वाट्याला आणणे ही समता नव्हे. माणसाने स्वतःहून यावे, नाही म्हणण्याचा त्याचा हक्क अबाधित असावा, आणि आला तर त्याला चांगला हात मिळावा.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. दिवाळीचा फराळ संपता संपताच तो येतो. हा अंक हाती असलेल्या डॉक्टर वाचकांना विनंती, की या पंधरवड्यात प्रशिक्षणासाठी आपले नाव तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे नोंदवा. आणि ज्या घरात दोन लेकरे पुरेत असे ठरले आहे, तिथल्या पुरुषांना सांगणे इतकेच: बाळंतपणे तिने सोसली, हे ऑपरेशन तुम्ही करून घ्या.