पांढऱ्या पेशी वाढल्या, मग ताकद का घटली?

फेब्रुवारी २०२१. कोरोनाची दुसरी लाट अमरावती-अकोल्यात जरा आधीच येऊन धडकली होती. अकोल्याच्या मामांना ऑक्सिजन लागला, डेक्सामेथासोन सुरू झालं. दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी ६,८०० वरून थेट १५,२००. मामीचा फोन : "औषध तर चालू हाये, मंग पेशी काऊन वाढल्या? इन्फेक्शन वाढलं का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी पीएचडीसाठी याच पेशींवर काम करतो, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो.

न्यूट्रोफिल ही पहिल्या फळीतली पांढरी पेशी. रक्तात फिरणाऱ्या जेवढ्या, साधारण तेवढ्याच रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेल्या असतात. त्या तपासणीच्या नळीत येत नाहीत, म्हणून मोजल्याही जात नाहीत. स्टेरॉइडमुळे त्यांची पकड सुटते आणि त्या प्रवाहात येतात. शिवाय अस्थिमज्जेतून नव्या बाहेर पडतात, जुन्या उशिरा मरतात. आकडा फुगतो तो असा. लिम्फोसाइट मात्र घटतात.

आता खरी गोम. भिंतीला चिकटणं ही पेशीची रक्तातून बाहेर, म्हणजे संसर्गाच्या जागी, जाण्याची पहिली पायरी. तीच अडली, तर रस्त्यावर एसट्या भरपूर, पण थांब्यावर एकही थांबत नाही, अशी गत होते.

मग हे औषध देतात कशाला? कारण गंभीर कोरोनात फुप्फुसाचं बरंच नुकसान आपल्याच प्रतिकारशक्तीच्या भडक्याने होतं. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत (२०२०) व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू डेक्सामेथासोनमुळे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही.

उलट बाजूही आपण पाहिली. त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड, दोन्हींमुळे बुरशी मारणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात.

म्हणून स्टेरॉइड चालू असताना नुसता आकडा पाहून घाबरू नका, अन् निर्धास्तही राहू नका. ताप, साखर, रक्तातल्या कोवळ्या पेशी, हे सगळं डॉक्टर एकत्र पाहतात. मनानं गोळी सुरू करू नका, मनानं बंदही करू नका.

मामा बरे झाले. मामी अजूनही रिपोर्ट आधी मलाच पाठवते.