पार्किन नसलेले उंदीर आजारी का पडले नाहीत?

तरुणपणीच कंपवात जडणाऱ्या जपानी कुटुंबांचा अभ्यास करताना १९९८ साली तिथल्या संशोधकांच्या हाती एक जनुक लागलं. त्याला पार्किन हे नाव मिळालं. आई आणि वडील दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तर बहुतेकदा चाळिशीच्या आतच हात थरथरू लागतात, हालचाली मंदावतात. मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी मरत गेलेल्या असतात. माणसात कारण आणि परिणाम इतके उघड दिसत असताना पुढचं पाऊल जवळजवळ ठरलेलंच होतं. उंदरात हे जनुक निकामी करायचं, त्याला कंपवात होताना पाहायचं आणि मग औषधं त्याच्यावर तपासून घ्यायची. २००३ साली असे नॉकआउट उंदीर हजर झाले. त्यांना कंपवात झाला नाही. पुढची कित्येक वर्षं या गोष्टीकडे प्रयोग फसल्यासारखंच पाहिलं गेलं. मला मात्र वाटतं की, या उंदरांनी आजारी पडायला दिलेला नकार हीच त्या संशोधनाची मोठी कमाई आहे, कारण त्यामुळे प्रश्नच बदलला. जनुक काय करतं, एवढं विचारून भागणार नव्हतं. त्याची गरज कधी पडते, हे विचारावं लागलं.

नकार खरोखर किती ठाम होता, हे आधी पाहायला हवं. असे उंदीर बनवणाऱ्या संशोधक जिए शेन यांच्या प्रयोगशाळेतले उंदीर अरुंद पट्टीवरून चालताना जरा जास्त घसरत. त्यांच्या मेंदूत डोपामिनचा हिशेब किंचित चुकलेला दिसे. पण पेशी मोजल्या, तर त्या जागच्या जागी होत्या. दुसऱ्या गटांनी जनुकाचा वेगळा तुकडा काढून पाहिला. २००५ साली एका गटाने तर हा उंदीर कंपवाताचा भरवशाचा नमुना नाही, असं स्पष्टच नोंदवलं. एकाच जनुकाचं काम दुसरं कुणी उचलत असेल, या शंकेने २००९ साली पार्किन आणि कंपवाताशीच जोडलेली पिंक१ व डीजे-१ अशी तिन्ही जनुकं एकाच उंदरातून काढली गेली. दोन वर्षांचे म्हणजे उंदरांच्या हिशेबाने म्हातारे होईपर्यंत सांभाळूनही त्यांच्या त्या पेशी शाबूत राहिल्या. गंमत म्हणजे पार्किन नसलेला उंदीर प्रयोगशाळांत १९६०च्या दशकापासूनच नांदत होता. ‘क्वेकिंग’ नावाच्या एका जातीत गुणसूत्राचा जो तुकडा गळाला होता, त्यात पार्किनही होतं. तो थरथरतो खरा, पण त्याचं कारण शेजारचं दुसरंच जनुक. चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण नीट न बनल्याने तो थरथरतो.

दरम्यान उत्तराचा अर्धा भाग फळमाशीने दिला. पार्किन नसलेल्या माशीचे उडण्याचे स्नायू झडत, आणि त्यात आधी बिघडत ते पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया. २००६ साली दोन गटांनी माश्यांवरच दाखवलं की पिंक१ आणि पार्किन एकाच साखळीत काम करतात, पिंक१ आधी आणि पार्किन मागाहून. मग २००८ मध्ये बेथेस्डा इथल्या रिचर्ड यूल यांच्या गटाला बशीत वाढवलेल्या, विष दिलेल्या पेशींमध्ये ते काम प्रत्यक्ष दिसलं. मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरचा विद्युतभार उतरला की पेशीद्रवात विखुरलेलं पार्किन नेमकं त्याच्यावर जाऊन बसतं आणि तो मायटोकॉन्ड्रिया मोडीत निघतो. भार असेपर्यंत पिंक१ आत ओढलं जाऊन तोडलं जातं. भार गेला की ते बाहेरच्या पडद्यावर साचतं आणि पार्किनला कामाला लावतं. म्हणजे घरातल्या फ्यूजसारखी ही योजना: लाइन सुरळीत असेपर्यंत फ्यूजच्या जागी साधी तार असली तरी फरक कळत नाही. पिंजऱ्यात वेळेवर खाणं मिळणाऱ्या, जंतूंपासून जपलेल्या उंदराची लाइन सुरळीतच होती.

म्हणून ती बिघडवून पाहिली गेली. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमची चुका दुरुस्त करण्याची क्षमता काढून घेतलेले ‘म्यूटेटर’ उंदीर लवकर म्हातारे होतात, पण त्यांच्या डोपामिनच्या पेशी टिकतात. पार्किन नसलेल्या उंदरांच्याही टिकतात. २०१५ साली दोन्ही दोष एकत्र आणले, तेव्हा मात्र त्या पेशी मेल्या. इथे एक आक्षेप येतोच: पुरेसा छळ केला तर कुठलाही उंदीर कोसळेल, मग जनुकाबद्दल काय सिद्ध झालं? आक्षेप रास्त आहे, पण तो या प्रयोगाला लागत नाही, कारण छळ दोन्हीकडे तोच होता. कोसळले ते फक्त पार्किन नसलेले. २०१८ च्या प्रयोगाने पुढचा दुवाही दाखवला. थकून जाईपर्यंत पळवल्यावर पार्किन किंवा पिंक१ नसलेल्या उंदरांच्या रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं चढली, आणि स्टिंग हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन काढून टाकताच तो दाह शमला. दोन्ही दोष असलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशीही त्यामुळे वाचल्या. नुसत्या छळाने मरणाऱ्या पेशी एक प्रथिन काढल्याने वाचल्या नसत्या.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. त्याच वर्षी असं दिसलं की पिंक१ नसतानाही उंदरांच्या मेंदूत आणि हृदयात मायटोकॉन्ड्रियाची रोजची मोडणी व्यवस्थित चालू असते. मग सगळी कथा बशीतल्या पेशींवरच्या विषप्रयोगावर उभी आहे का? मी याचा अर्थ उलटा लावतो. रोजचं काम दुसऱ्या वाटेने होतं आणि ही वाट आणीबाणीसाठी राखून ठेवलेली आहे, असं मानलं तर तरुण नॉकआउट उंदीर धडधाकट का, हे लगेच उलगडतं. पण एवढ्याने सारं सुटत नाही, हेही मान्य करायला हवं. २०११ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या टेड डॉसन यांच्या गटाने पार्किन जन्मापासून न काढता मोठ्या झालेल्या उंदराच्या मेंदूत काढलं, आणि काही महिन्यांत पेशी कमी झाल्या, तीही बाहेरून काही ताण न देता. गर्भापासून उणीव असेल तर शरीर पर्याय शोधतं, प्रौढपणी अचानक आली तर शोधता येत नाही, असं त्यावरून दिसतं. शिवाय तिथे मायटोकॉन्ड्रिया मोडण्यापेक्षा नवे घडवणं अडल्याचा पुरावा होता: पार्किन नसल्याने पॅरिस नावाचं प्रथिन साचतं आणि ते नवे मायटोकॉन्ड्रिया घडवायला चालना देणाऱ्या पीजीसी-१अल्फाला दाबतं. मात्र जन्मतःच पार्किन नसलेल्या माणसाच्या पेशी तरीही का मरतात, हे या प्रयोगातून कळत नाही. तिथे मला आयुष्याची लांबी आणि वाटेत भेटणारे ताण हेच उत्तर जवळचं वाटतं.

माँट्रियलमधल्या २०१९च्या प्रयोगामुळे ते आणखी जवळ आलं. पिंक१ नसलेल्या उंदरांना लहानपणी आतड्याचा साधा जंतुसंसर्ग दिला. तो बराही झाला. काही महिन्यांनी त्यांच्या हालचाली मंदावल्या आणि कंपवाताच्या रुग्णाला देतात तेच एल-डोपा दिल्यावर सुधारल्या. पिंक१ शाबूत असलेल्या उंदरांना तोच संसर्ग होऊन काही झालं नाही. डोपामिनच्या चेतातंतूंची टोकं विरळ झाली होती, पेशी मात्र या उंदरांच्याही मेल्या नव्हत्या.