चंद्रीचे जोडे

घोड्याला कुणी जोडे घालते, असे सांगितले तर तुम्ही हसाल. मीही हसलो असतो. पण गेल्या दिवाळीत बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी या हातांनी घोडीला जोडे घातले.

पाटोद्याकडे बालाघाटाच्या रांगा आहेत. वाटा साऱ्या दगडाळ. आमच्या आबांची चंद्री तिथे नाल ठोकूनच हिंडे. श्रावणात एक खिळा वाकडा गेला. खुराचा बाहेरचा भाग आपल्या नखासारखा, त्याला वेदना नसते; पण आत जिव्हाळी असते. चंद्री लंगडू लागली. डॉक्टरांनी जखम बरी केली, खूर नीट तासून घेतला आणि बजावले, "काही महिने खिळा नको." खूर महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो! नालाविना चंद्री दगडावर पाऊल टाकीना आणि रपेटीविना आबांना घास गोड लागेना. वीस वर्षे नाल ठोकणारे नालबंदचाचा तर शरमेने तोंड दाखवीनात.

मी पुढच्या खुरांचे माप घेतले आणि काढता-घालता येणारे पट्ट्यांचे बूट मागवले. कल्पना तशी जुनीच. रोमन साम्राज्यातही घोड्यांच्या पायांना लोखंडी तळव्याची पायताणे बांधीत. बूट यायला महिना लागला. मोठ्या ऐटीत घातले आणि दहा पावलांत एक उडून गोठ्यात पडला!

निमूटपणे चाचांकडे गेलो. ऊसतोडीला निघालेल्या बैलांना ते पत्र्या मारीत होते. एका बैलाच्या चार पायांना आठ पत्र्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "माप कधी घेतलं?"

"महिना झाला."

"मग महिन्यात खूर वाढला की! आधी तासायचा, लगेच माप घ्यायचं. रुंदी सगळ्यात रुंद जागी, लांबी टोकापासून टाचेपर्यंत. दोन्ही पायांची वेगवेगळी."

ते आले. कानस हातात घेताना त्यांचा हात किंचित थरथरला. चंद्रीने मात्र जुन्या ओळखीने पाय उचलून दिला. खूर तासल्यावर बूट चपखल बसला. चाचांनी तिला चालवले, बूट फिरत नाही ना ते पाहिले, टाचेशी बोट घालून पट्टी काचत नाही ना ते चाचपले. "पहिल्या दिवशी अर्धा तास बस. थानावर आली की काढायचे, खडे-माती धुवायची, कातडी सोललीय का बघायचं."

मग हळूच म्हणाले, "आबासाहेब, आता नालबंदाचं काम संपलं."

"कसं संपलं?" आबा खेकसले. "दर पाच-सहा आठवड्यांनी खूर तासायला काय माझा हा पुणेकर पुतण्या येणार आहे? बसा, फराळ घ्या."

चाचा बसले. करंजीचा पहिला तुकडा मात्र त्यांनी चंद्रीपुढे धरला.