बार एक, वायरी अनेक!

दिवाळीला गावी जाताना तुम्ही काय नेता? आईला साडी, बाबांना शर्ट, मिठाईचा बॉक्स. आपल्या पिढीने या यादीत एक लांबलचक खोकं अ‍ॅड केलंय, साउंडबारचं! मीही नेलं. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, खोकं मांडीवर सांभाळत जालना, देऊळगाव राजा करत सकाळी चिखली. दोन तासांत जोडाजोडी झाली, एक दणदणीत सिनेमा लावला, खिडक्या थरथरल्या. आई म्हणाली, ‘बाप्पा, टॉकीजच झाली की घरात!’ मी खूश होऊन पुण्याला परत.

आठव्या दिवशी बाबांचा फोन. ‘अरे, टीव्ही दिसते, पण आवाजच येऊन नाही राह्यला.’ मग रोज रात्री अर्धा तास रिमोटची शिकवणी. महिन्याभराने फोन थांबले. मला वाटलं, जमलं बहुतेक.

अक्षय तृतीयेला घरी गेलो तेव्हा कळलं. बारवर आईने विणलेला रुमाल, आणि बाबा टीव्हीपासून हातभर अंतरावर, कान पुढे करून बसलेले. दुसऱ्या दिवशी बातम्यांत भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत सांगत होते, आणि बाबा आईला विचारत होते, ‘पावसाचं काय म्हणाला तो?’ खरं सांगतो, पोटात कालवलं.

चूक माझीच!

मी काय केलं होतं? डीटीएचचा बॉक्स टीव्हीला, स्ट्रीमिंग स्टिक थेट बारला, जुना डीव्हीडी प्लेयर बारच्या ऑक्सला आणि माझा मोबाइल ब्लूटूथवर. चार पाहुणे, चार दरवाजे! साउंडबार एका वेळी एकच इनपुट ऐकवतो. म्हणजे चॅनेल सोडून सिनेमा लावायचा, तर टीव्हीचं इनपुट बदला, वर बारचंही बदला. बार ब्लूटूथवर अडकला की टीव्ही मुका. सत्तरीतल्या माणसाने हे का लक्षात ठेवावं?

टीव्ही म्हणजे जलंब जंक्शन

उपाय साधा आहे. सगळी उपकरणं टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून एकच वायर बारला. मेन लाइनच्या गाड्यांचे प्रवासी जलंबला उतरतात आणि तिथून एक छोटी लाइन खामगावला जाते ना, अगदी तसंच. मात्र ही वायर टीव्हीच्या कुठल्याही एचडीएमआय पोर्टला लावून चालत नाही. ज्या पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय, तिथेच लावा. बारच्या बाजूलाही तसंच.

एआरसी म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल. २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर ही सोय आली, त्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून उलटा बारकडे जाऊ लागला. ईएआरसी ही तिची मोठी बहीण, २०१७ साली जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ मधली. ब्लू-रेचा पूर्ण, न दाबलेला आवाज हवा असेल तरच तिची गरज. बातम्या, मालिका आणि ओटीटीला साधी एआरसी पुरते.

सेटिंगची गोम

वायर लावली तरी आवाज नाही? टीव्हीच्या साउंड मेन्यूत जाऊन आउटपुट ‘एआरसी’ करा. मग ‘सीईसी’ चालू करा. कंपन्यांनी याची वेगळी बारशी केलीत : सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. हे चालू असलं की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीबरोबर बारही चालू-बंद होतो. बाबांसाठी खरी दिवाळी हीच!

डिजिटल आउटपुट ‘ऑटो’वर ठेवा. तरी गडबड झाली, तर ‘पीसीएम’ करून बघा. आवाज स्टीरिओ होईल, पण येईल नक्की.

जुन्यांना टाकू नका

लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा डीव्हीडी प्लेयर किंवा फ्री डिशचा जुना बॉक्स टीव्हीच्या एव्ही इनपुटला लावा. त्याचाही आवाज एआरसीतूनच बारला पोचतो. टीव्हीला एआरसी नसेल, तर ऑप्टिकल वायर आहेच. फक्त टीव्हीच्या रिमोटने आवाज बदलेल याची खात्री नाही.

निघण्यापूर्वी...

* पोर्ट मोजा. तीनपैकी एक बार घेणार, उरले दोन. कमी पडले तर एचडीएमआय स्विच घ्या.
* स्टिकला टीव्हीच्या यूएसबीवर नको, स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवा.
* बारवर ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ मोड असेल तर लावा. चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून असतात. संवाद पुसट ऐकू येतात ते म्हणूनच.
* तुमचा मोबाइल ब्लूटूथमधून काढून टाका.
* आणि मुख्य म्हणजे, निघण्याआधी रिमोट आई-बाबांच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा!

मी तसंच केलं. बाबांनी बातम्या लावल्या, मग सिनेमा, मग परत बातम्या. आवाज एकदाही गेला नाही. परवा पुन्हा फोन आला, या वेळी आईचा. ‘अरे, तुझ्या बाबांना सांग जरा. आवाज कमी करा म्हटलं तर ऐकूनच नाही राह्यले!’