लॉइड धरण आणि अनवाणी धावणारे

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघून कापूरहोळपाशी भोरकडे वळलेल्या प्रवाशाला, भोर गाव येण्याच्या थोडे आधी, वेळवंडी नदीला आडवी घातलेली जी प्रचंड दगडी भिंत दिसते, तिला सारा मुलूख भाटघरचे धरण म्हणतो. परंतु जुन्या सरकारी दप्तरांत तिची नोंद लॉइड धरण अशी आहे. भिंतीची लांबी १,६२५ मीटर, म्हणजे पुरते सव्वासोळाशे. उंची सुमारे ५८ मीटर. श्रावणात जलाशय काठोकाठ भरला, की पाण्याच्याच भाराने उघडणारे ४५ स्वयंचलित दरवाजे एकामागून एक मोकळे होतात आणि फेसाळ पाण्याचा तो पडदा पाहण्यासाठी रस्त्यावर माणसांची रीघ लागते. हेच पाणी पुढे नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे जाऊन तेथील उसाला जगवते.

या पाण्याने नावेही अनेक धारण केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे जो पहिला तलाव झाला, तो व्हायटिंग या इंजिनीयरच्या नावाने ओळखला जाई. त्याला आपल्यात सामावून घेणारी नवी भिंत १९२०च्या दशकात उभी राहिली, ती मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने. आणि स्वराज्य आल्यानंतर जलाशयाला नाव मिळाले ते येसाजी कंकांचे. त्यांचे भुतोंडे गाव याच खोऱ्यातले. गोवळकोंड्याच्या दरबारात मत्त हत्तीशी एकट्याने झुंज घेणारा पुरुष म्हणून ज्यांची कथा मावळात आजही आजोबा नातवाला सांगतात, ते हे येसाजी. धरणाच्या पाण्याला बाहुबलाने गाजलेल्या माणसाचे नाव मिळावे, हे मला फार उचित वाटते. आणि तरीही आज मी लिहिणार आहे ते मधल्या नावाविषयी, त्या लॉइडसाहेबाविषयी, कारण त्याच्या नावाचा एक धागा या भिंतीपाशी न संपता थेट बेल्जमच्या अँटवर्प शहरापर्यंत जातो, आणि तो धागा हाती धरला तरच भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ कोठून निघाला, हे नीट उमगते.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली. तिच्या अध्यक्षपदावर सर दोराबजी टाटा होते. केंब्रिजला शिकलेले, तरुणपणी विलायतेतील बहुतेक सगळे मैदानी खेळ खेळलेले आणि त्या खेळांचे वेड घेऊनच स्वदेशी परतलेले गृहस्थ. जिमखान्याच्या वार्षिक शर्यती पाहताना त्यांच्या नजरेस जे पडले, त्याची हकीकत त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दिली आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे ते बहुतेक कुणबी होते, अनवाणी होते, त्यांना कोणी धावायला शिकवले नव्हते; आणि असे असूनही त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळेच्या आसपास येत होता. ज्याने दोन्हीकडची मैदाने पाहिली होती, अशाच माणसाला त्या वेळेचे मोल कळू शकले. आपल्याकडे तेव्हा त्या मोलाची कल्पना किती अंधुक होती, याची एक आठवण सांगितली जाते. शंभर यार्डांच्या शर्यतीसाठी वेळेचे प्रमाण काय ठेवावे, अशी चर्चा चालू असता, व्यवस्थापकांपैकी एका प्रमुख गृहस्थाने अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत काहीही चालेल असे सांगितले. प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या दशांशांचा आहे, हे ऐकून तो सद्गृहस्थ थक्क झाला. मला या आठवणीत त्या गृहस्थाचा उपहास करण्याजोगे काही दिसत नाही. शिवारातल्या वाटेवर, जत्रेतल्या शर्यतीत, डाकेची पिशवी घेऊन घाट चढणाऱ्या हरकाऱ्याच्या चालीत वेळ मोजली जात होती ती प्रहराने आणि कासऱ्याने. धावणारा पाय होता, घड्याळ नव्हते.

१९१९ साली दोराबजींनी तजवीज मांडली ती अशी, की तीन उत्तम धावपटू निवडावे, त्यांना योग्य आहार आणि शिक्षण द्यावे, आणि पुढील वर्षी अँटवर्पला होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावण्यास पाठवावे. पुण्यासारख्या टिळकांच्या शहरात एवढ्याशा ठिणगीने काय पेटेल, ते सांगायला नकोच. तिघे कशाला, हिंदुस्थानचा संपूर्ण संघच का जाऊ नये, अशी ईर्षा तेथील राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींच्या मनात उत्पन्न झाली. परंतु संघ म्हणून जायचे तर आंतरराष्ट्रीय समितीची मान्यता हवी, आणि ती परतंत्र देशाने ब्रिटिश समितीमार्फतच मागावी लागे. येथे लॉइडसाहेब येतात. जिमखान्याच्या समारंभाला ते उपस्थित होते. दोराबजींनी त्यांच्यापाशी गोष्ट काढली, आणि गव्हर्नरांनी शिफारशीचे काम अंगावर घेतले. १९२०च्या आरंभी मंजुरी आली. त्यापूर्वी १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळवली होती खरी, पण तो एकटा होता. देशाच्या नावाने रीतसर निवडून पाठवलेला संघ हा पहिलाच.

याच लॉइडसाहेबाच्या कारकीर्दीत गांधीजींवर खटला होऊन त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि याच दोराबजींच्या उद्योगसमूहाच्या मुळशी धरणाने, भाटघरपासून दोन-चार खोरी ओलांडून पलीकडे, मावळ्यांची गावे बुडू लागली तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. ज्या कुणब्यांच्या अनवाणी पावलांनी दोराबजींना मोहित केले, त्यांच्याच जातकुळीच्या शेतकऱ्यांची जमीन त्या विजेच्या धरणाखाली गेली. ही गोष्ट मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. ऑलिम्पिकसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च आणि घेतलेले कष्ट यांचे श्रेय त्यामुळे उणे होत नाही. पण कृतज्ञता ठेवताना मुळशीची आठवणही ठेवावी, एवढी अपेक्षा या डोंगरांची आहे असे मला वाटते. बुडण्याचे दुःख भाटघरलाही ठाऊक आहे. वैशाखात पाणी ओसरले, की वेळवंडचे कांबरेश्वराचे मंदिर गाळातून वर येते, आणि भाविक वाळलेल्या गाळावरून चालत जाऊन दर्शन घेतात; आषाढात देव पुन्हा पाण्याखाली.

निवडीसाठी जिमखान्यावर चाचणीच्या शर्यती झाल्या आणि सहा जण ठरले. लांब पल्ल्यासाठी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कमी अंतरासाठी बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत. ऑलिम्पिकच्या नोंदींत आजही शिंद्यांचे आडनाव ‘शिंदेस’ असे लागलेले आहे. कोणा परक्या कारकुनाच्या लेखणीतून जादा उतरलेला तो स शंभर वर्षे तसाच आहे. कैकाडींच्या नावाआधी तर केवळ दोन आद्याक्षरे. भाटघरच्या भिंतीला गव्हर्नराचे नाव चिकटले, आणि ज्यांच्या पायांमुळे त्या गव्हर्नराला शिफारस लिहावी लागली, त्यांची नावे धडपणे लिहिलीही गेली नाहीत, याचे मला दुःख होते.

जूनमध्ये हे सहा जण बोटीने निघाले. आधी इंग्लंडात मुक्काम आणि तेथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काही आठवड्यांची तयारी, असा बेत होता. ते असे सातासमुद्रापलीकडे असताना इकडे १ ऑगस्टला मुंबईत लोकमान्य गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, अँटवर्पच्या मैदानावर बॅनर्जी यांनी संघाच्या अग्रभागी ब्रिटिश निशाण धरून संचलन केले. महायुद्धाने भाजून निघालेल्या बेल्जमला मान म्हणून ते ऑलिम्पिक तेथे भरवले होते. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिम्पिकमध्ये प्रथम फडकला तो तेथेच, आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची प्रथाही तेथूनच सुरू झाली.

मॅरेथॉन झाली २२ ऑगस्टला, पावसाळी हवेत. आज ठरून गेलेले अंतर ४२.१९५ किलोमीटर, अँटवर्पला ते ४२.७५० होते, ऑलिम्पिकच्या इतिहासातील सर्वांत लांब. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे आणि ३५ सेकंदांच्या वर काही दशांशांत पहिला आला. चौगुले आले एकोणिसावे. त्यांना लागले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. आकडे कागदावर निर्जीव दिसतात, म्हणून थोडा हिशेब करू. हा वेग किलोमीटरला जेमतेम ४ मिनिटे. भोरच्या वेशीतून पहाटे पाच वाजता असा माणूस निघाला, तर सुमारे पावणेतीन तासांत, कोठेही न थांबता, तो साधारण कात्रजच्या आसपास पोहोचलेला असेल. पायगाडीवरच्या दूधवाल्यालाही ज्या चढांवर उतरून चालावे लागते, ते चढ धरून. काही आठवड्यांपूर्वी ज्याने समुद्र पहिल्यांदा ओलांडला, ज्याच्या जिभेला तेथले अन्न अपरिचित आणि तळव्याला तेथली जमीन परकी, त्याने जगातील निवडक धावपटूंत एकोणिसावे यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. दातारांना मॅरेथॉन आणि कैकाडींना १०,००० मीटरची शर्यत पुरी करता आली नाही; बॅनर्जी १०० आणि ४०० मीटरच्या पहिल्या फेरीतच थांबले.

पदकाच्या अगदी जवळ गेले ते शिंदे. फेदरवेट गटात त्यांनी इंग्लंडच्या इनमनला हरवून उपान्त्य फेरी गाठली. तेथे अमेरिकन मल्लापुढे हार झाली, आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत इंग्लंडच्याच बर्नार्डने त्यांना मागे टाकले. नवले पहिल्याच कुस्तीत अमेरिकन मल्लाकडून पडले. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या तालमीचा हौदा म्हणजे ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली लाल माती. ती घामाने ओल्या अंगाला धरते, पकड पक्की करते, आणि पडणाऱ्याला झेलून घेते. त्या मातीत पाय रोवला, की मल्लाचे बळ टाचेतून कमरेत येते. ऑलिम्पिकच्या गादीवर तोच पाय सरकतो. शिवाय आपल्याकडे कुस्तीचा निकाल एकच, पाठ लागून चितपट. तोवर तास गेला तरी बेहत्तर. तेथे वेळ ठरलेली, आणि कोणीच चीत झाला नाही तर कौल पंचांचा. म्हणजे मातीतल्या माणसाला केवळ प्रतिस्पर्ध्याशी लढायचे नव्हते, तर पायाखालच्या परक्या गादीशी आणि डोक्यावरच्या घड्याळाशीही लढायचे होते.

हे सारे १९२० साली ध्यानात आले होते; तरीसुद्धा अठ्ठावीस वर्षांनी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा त्यांचीही गादीशी खरी गाठ तेथेच पडली. ते सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये काढून दिले. आणि २३ जुलैला बँटमवेट गटात खाशाबांनी जे कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. परतल्यावर त्यांची मिरवणूक निघाली ती शंभराहून अधिक बैलगाड्यांची. बैलगाड्या दारी होत्याच. गहाणखताची वेळ मात्र यायला नको होती. अंगात गुण असलेल्या कुणब्याच्या मुलाला मैदान गाठेपर्यंत परवानगी, पैसा, आहार, गादी आणि घड्याळ यांची सोय वेळेवर कोणी करून द्यायची, हा प्रश्न दोराबजींनी जिमखान्याच्या मैदानावर ज्या दिवशी विचारला, त्या दिवसापासून तो आपल्या दारात उभा आहे.

मागच्या आठवड्यात पहाटे मी भाटघरला गेलो होतो. भिंतीवर जायला परवानगी लागते, म्हणून खालच्या रस्त्यावरच उभा राहिलो. उजाडता उजाडता दहा-बारा मुले आली. पोलीस भरतीच्या तयारीची. त्यांची शर्यत १,६०० मीटरची, म्हणजे जवळजवळ समोरच्या भिंतीएवढी. एक जण मोबाइल घेऊन शेवटच्या दगडापाशी बसला. बाकीचे पलीकडून धावत आले. सर्वांत पुढे आलेल्या काटकुळ्या मुलाच्या पायांत काही नव्हते. बूट त्याने दगडापाशीच काढून ठेवले होते. एकाचा तळ पुढून उघडा पडला होता आणि सुतळीने आवळलेला होता. गुडघ्यांवर हात टेकून तो धापा टाकत होता, आणि तळव्यांना चिकटलेली बारीक खडी बोटाने काढत होता.

“किती लागले रे?” मी विचारले.

“पाच-अठरा, काका,” मोबाइलवाल्याकडे न पाहताच तो म्हणाला. “पाच-दहाला पैकीच्या पैकी मार्क पडतात. आठ सेकंद काढायचेत अजून.”

मग त्याने बूट हातात घेतले आणि पुन्हा सुरुवातीच्या खुणेकडे चालू लागला.