मॅल्कम मॅक्लीन: एक डबा, दोन अंदाज

गेल्या वेळी आपण बंदराची जेट्टी आणि क्रेन यांच्याविषयी बोललो. आज बघू या तो माणूस, ज्याच्यामुळे बंदरांचं रूपच पालटलं. मॅल्कम मॅक्लीन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा, मूळचा ट्रकवाला. जहाजाशी त्याचा संबंध नव्हता, आणि आमच्या मते तेच त्याच्या पथ्यावर पडलं.

जहाजवाले विचार करायचे जहाजाचा. मॅक्लीनने विचार केला मालाचा. त्या काळी गोणी, पेट्या, पिंपं एकेक करून चढवायची. जहाज समुद्रात कमी आणि धक्क्यावर जास्त, अशी गत. मग अख्खा डबाच ट्रकवरून उचलून जहाजावर ठेवला तर? २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जुनं तेलवाहू जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागे ५.८६ डॉलर लागत. या जहाजाचा हिशेब निघाला सुमारे १६ सेंट.

पण नुसता डबा पुरत नाही. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असेल तर एकीचा डबा दुसरीच्या क्रेनला उचलता येणार नाही. मॅक्लीनच्या सी-लँड कंपनीने डब्याच्या कोपऱ्यातल्या जोडणीचं पेटंट सर्वांसाठी खुलं केलं. त्यातून जागतिक प्रमाण ठरायला मदत झाली. १९६६ मध्ये त्याचे डबे रॉटरडॅमला पोचले. मग व्हिएतनाम युद्धात त्याला अमेरिकन लष्कराचं काम मिळालं. परतीची जहाजं रिकामी येत, म्हणून ती जपानमार्गे वळवली आणि जपानी माल भरून आणला. म्हणजे जाण्याचं भाडं लष्कराने दिलं, येण्याचं व्यापाराने!

आता दुसरी बाजू बघा. १९६९ मध्ये सी-लँडने अतिवेगवान जहाजं मागवली, ताशी ३३ सागरी मैल धावणारी. ती आली आणि १९७३ मध्ये तेल भडकलं. इंधन पिणारी जहाजं गळ्यात पडली. पुढे मॅक्लीनने युनायटेड स्टेट्स लाइन्स ही कंपनी घेतली आणि धडा उलटा गिरवला: १२ प्रचंड, संथ, कमी तेल खाणारी जहाजं, पृथ्वीप्रदक्षिणा करणारी. ती आली आणि तेल स्वस्त झालं. भाडी कोसळली होती, कर्ज डोक्यावर होतं. १९८६ मध्ये दिवाळं निघालं आणि हजारोंची नोकरी गेली.

गंमत म्हणजे ती जहाजं नंतर सी-लँडनेच स्वस्तात घेतली आणि चालवली. म्हणजे जहाजात खोट नव्हती. खोट होती ती तेलाच्या एकाच भावावर सगळा डाव लावण्यात. डब्याचा फायदा तेल महाग असो वा स्वस्त, टिकतो. वेगाचा फायदा तेलाबरोबर वरखाली होतो. दोन्हींत हा फरक आहे.

आणि या स्वस्ताईची किंमत कुणी मोजली? न्यूयॉर्कच्या जुन्या धक्क्यांवरच्या हमालांनी. कामं नेवार्क-एलिझाबेथकडे गेली, धक्के ओस पडले. आपल्याकडेही १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनरचा व्यापार मुंबईच्या गोद्यांतून हळूहळू खाडीपलीकडे सरकला. उरणच्या रस्त्यावर डब्यांची रांग दिसली की हे दोन्ही हिशेब लक्षात ठेवू या.

पुढच्या वेळी बघू, टर्मिनल कोण चालवतं आणि भाडं कसं ठरतं.